सेकंडहँड टूरिंग बाईक घेताना आधी थंड इंजिन ऐका

गाडी बघायला जायच्या आदल्या रात्री मालकाला फोन करायचा आणि एकच गोष्ट सांगायची, "दादा, उद्या सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, धुवू पण नका." किंमत, किलोमीटर, इन्शुरन्स हे सगळं नंतर बोलता येतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी पहिल्या दहा सेकंदांत जेवढं खरं सांगते तेवढं नंतर दिवसभर फिरवून पण कळत नाही, आणि ते दहा सेकंद एकदाच मिळतात.

हे मला साताऱ्यात कळलं. सकाळी साडेसातला एक टूरिंग बाईक बघायला गेलो होतो, फोटोपेक्षाही देखणी, अंगणात धुवून पुसून उभी, सीटच्या शिलाईत अजून पाण्याचे थेंब. मालक चहा सांगायला आत गेले तेवढ्यात मी हाताची मागची बाजू सिलेंडरच्या फिन्सजवळ (बाहेरच्या पातळ पट्ट्यांजवळ) नेली तर चांगली धग लागली. नुकत्याच धुतलेल्या गाडीचं सिलेंडर थंडगार पाहिजे, हे गरम म्हणजे मी यायच्या आधी गाडी निवांत दहा-पंधरा मिनिटं चालवलेली. स्टार्ट केली तर आवाज एकदम गोड. मी म्हटलं, काका, मी सज्जनगडाला जाऊन येतो, तोवर गाडी अशीच राहू द्या. तीन तासांनी परत आलो, फिन्स थंड लागल्या, स्टार्टर दाबला आणि वरच्या बाजूने टायमिंग चेनचा (इंजिनच्या आत कॅम फिरवणाऱ्या साखळीचा) खळखळाट सुरू झाला, चार-पाच सेकंद राहिला आणि मग विरला. तो खळखळाट लपवण्यासाठीच सकाळी गाडी गरम केली होती.

थंडपणी आवाज का येतो हे समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. गाडी उभी राहिली की ऑइल खाली उतरतं, स्टार्ट केल्यावर ते पंपाने वर हेडपर्यंत (सिलेंडरच्या वरच्या भागापर्यंत) पोचायला थोडा वेळ लागतो, तेवढ्या वेळात वरची टायमिंग चेन आणि वॉल्व्ह उघडणारे कॅम, रॉकर जवळजवळ कोरडे फिरतात. पिस्टन थंड असताना बोअरमध्ये, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भोकात, थोडा सैल असतो, गरम झाला की फुगतो आणि फट कमी होते. म्हणजे झिजलेला पिस्टन आणि सैल टायमिंग चेन हे थंडपणी बोलतात आणि गरम झाले की गप्प होतात. याच्या उलट क्रँकचं (इंजिनचा खालचा फिरणारा दांडा) आणि त्याला पिस्टनशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, ऑइल गरम होऊन पातळ झालं की मग बोलायला लागतं. म्हणून गाडी दोनदा ऐकायची, एकदा पूर्ण थंड आणि एकदा अर्धा-पाऊण तास चालवून आल्यावर, एकदाच ऐकून निर्णय घेऊ नका.

मी पुढे उदाहरणं रॉयल एन्फील्ड हिमालयन 411 ची देतोय कारण ती मी स्वतः चालवतो आणि तिचा आवाज मला पाठ आहे, शिवाय 2023 च्या नोव्हेंबरात नवी हिमालयन 450 आल्यापासून आपल्याकडे नवीन टूरिंग करणाऱ्या पोरांची पहिली सेकंडहँड गाडी बऱ्याचदा हीच असते. 411 ही 2016 ला आली तेव्हा कार्बोरेटर होता, 2017 ला फ्युएल इंजेक्शन आलं, 2018 पासून एबीएस, 2020 ला बीएस 6. पण पद्धत कुठल्याही सिंगल सिलेंडर गाडीला चालेल.

चावीला हात लावायच्या आधी

आधी खाली बसा, गुडघ्यावर. इंजिनखाली फरशीवर ऑइलचा डाग आहे का, आणि डाग नसेल तर गाडी आत्ताच जागेवरून हलवलीय का ते टायरच्या खुणांवरून कळतं. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर बोट फिरवा, बोटाला ऑइल लागलं तर सील गेलेत, ते काम छोटं आहे पण किमतीत धरायचं.

मग ऑइल. थंड गाडी सेंटर स्टँडवर सरळ उभी करून लेव्हल बघायची आणि शक्य असेल तर ऑइल भरायचं झाकण उघडून आतलं बघायचं. काळं असेल तर घाबरू नका, ऑइल काळं होणारच. चहासारखं दुधाळ असेल तर मात्र थांबा. हिमालयन 411 एअर आणि ऑइल कूल्ड आहे, तिच्यात कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) नाहीच, त्यामुळे ऑइलमधलं पाणी हे बाहेरूनच आलेलं असणार. झाकणाला आतून थोडासा पिवळट फेस असेल तर पावसाळ्यात जवळच्या जवळच फिरवलेल्या गाडीत तो येतो, ते चालून जातं, पण सगळं ऑइलच दुधाळ असेल तर गाडी पाण्यात बुडाली होती असं समजूनच पुढे जा. डोमिनारसारख्या लिक्विड कूल्ड गाडीत याच रंगाचा अर्थ वेगळा निघू शकतो, तिथे कूलंट आत शिरलेलं असू शकतं आणि ते काम महाग जातं.

बुडालेल्या गाडीचा विषय आपल्याकडे खरंच महत्त्वाचा आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत, 2021 च्या जुलैत चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली गेल्या हे सगळ्यांनी बघितलंय. त्यातल्या बऱ्याच नीट दुरुस्त होऊन चालतायत पण, फक्त घेणाऱ्याला ते सांगितलं पाहिजे. नुसत्या एमएच 09 किंवा एमएच 10 नंबरवरून कुणावर संशय घेऊ नका, त्या भागातल्या भरपूर गाड्या डोंगरावर कोरड्या उभ्या होत्या. सीट काढा, खाली वायरिंगच्या कनेक्टरमध्ये, फ्यूजच्या डब्यात, हेडलाईटच्या आत कोपऱ्यात बारीक वाळलेला गाळ बघा. पाणी पुसता येतं, कनेक्टरच्या पिनांमध्ये बसलेला गाळ कुणी काढत बसत नाही.

पुढचं चाक 21 इंचाचं आणि तारांचं. छोटा पाना घेऊन एकेका तारेवर हलकेच वाजवत जा, घट्ट तार टण्ण वाजते, सैल तार थड्ड. एखाद-दुसरी सैल असेल तर घट्ट करून मिळते, पण सलग चार-पाच थड्ड वाजल्या तर त्या जागी रिमला दणका बसलाय, चाक फिरवून डोळ्याने बघा. मग गाडी सेंटर स्टँडवर, कुणाला तरी मागे दाबायला सांगून पुढचं चाक हवेत, आणि हँडल अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे न्या. मधोमध आल्यावर खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. खराब रस्त्यावर फिरलेल्या गाडीत हे होतंच, त्यासाठी गाडी नाकारायची गरज नाही.

टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. गाडी 2018 ची, मीटरवर बारा हजार आणि टायरवर 2022 चा शिक्का, तर विचारा की बारा हजारात टायर का बदलला. फुटरेस्टचं रबर, ब्रेकचं पेडल, ग्रिप हे पण मीटरशी जुळले पाहिजेत.

चावी ऑन

आता इंजिन किल स्विच ऑन करून फक्त चावी फिरवा, स्टार्टर दाबू नका. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतून झुंईं असा दोन-तीन सेकंद आवाज येतो आणि थांबतो, तो फ्युएल पंप, तो यायलाच पाहिजे. त्याच वेळी मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा आणि एबीएसचा दिवा लागला पाहिजे, इंजिनचा दिवा स्टार्ट झाल्यावर जातो आणि एबीएसचा गाडी थोडी पुढे गेल्यावर. दिवा लागलाच नाही तर आनंद मानू नका, दोष लपवायला कुणीतरी दिव्याचं कनेक्शन काढलेलं असू शकतं.

मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू करा, इंजिनपासून हातभर अंतरावर धरा, आणि स्टार्टर दाबा. रेस देऊ नका आणि मालकालाही देऊ देऊ नका. थंड गाडीला खसाखस रेस देणारा मालक दिसला की माझा त्या गाडीतला अर्धा रस तिथेच संपतो, कारण हा माणूस रोज सकाळी तिला असंच करत असणार.

दाबल्या दाबल्या खर्रर्र करून सुटणारा आवाज, म्हणजे स्टार्टर फिरतोय पण इंजिन धरत नाही आणि मग एकदम धरतं, तो स्टार्टरच्या वन-वे क्लचचा. एखाद्या वेळी बॅटरी कमी असली तरी होतं, पण तीनदा स्टार्ट करून तीनदा आला तर काम आहे, आणि त्यासाठी इंजिनचं साईड कव्हर उघडावं लागतं.

आवाज कुणाचा

नवीन माणूस इथे गांगरतो कारण सिंगल सिलेंडर मोठं इंजिन मुळातच बडबडं असतं आणि त्याला सगळेच आवाज खराब वाटतात. 411 चं इंजिन लाँग स्ट्रोक आहे, बोअर 78 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, 86, त्यामुळे ठोका लांब आणि सुटा ऐकू येतो. वर टॅपेटची (वॉल्व्ह दाबणाऱ्या भागातल्या फटीची) बारीक टकटक, इंजेक्टरची त्याहून बारीक टिकटिक, खाली क्लच-प्राथमिक गिअरची घरघर, हे सगळं मिळून त्या गाडीचा नेहमीचा आवाज. जमलं तर बघायला जायच्या आधी मित्राची त्याच मॉडेलची चांगली गाडी दहा मिनिटं डोळे मिटून ऐका. चांगला आवाज कानात नसेल तर वाईट ओळखणार कसा.

मग स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. आवाज इंजिनच्या फिरण्याबरोबर वाढतो का चाकाच्या वेगाबरोबर? क्लच दाबल्यावर बदलतो का? गरम झाल्यावर वाढतो का कमी होतो? या तीन उत्तरांत मेकॅनिकचं निम्मं काम होऊन जातं.

टॅपेटचा आवाज शिलाई मशीनसारखा, वरून हेडमधून येतो, आणि क्रँकच्या निम्म्या वेगाने, कारण कॅमशाफ्ट क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच फिरतो. खालून येणारा ठोका दर फेरीला पडतो म्हणून जास्त दाट असतो. कान सरावला की हा फरक लगेच पकडतो. आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, टॅपेट थोडी वाजलेली बरी. सैल टॅपेट आवाज करते आणि ॲडजस्ट करून मिळते. अति टाईट टॅपेट अजिबात आवाज करत नाही, पण वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, जळतो, आणि मग हेड खोलायची वेळ येते. गाडी विकायच्या आधी आवाज बंद करायला कुणी टॅपेट टाईट करून घेतली असेल तर ती एकदम शांत लागते, पण गरम झाल्यावर स्लोवर (रेस न देता) लटपटते, बंद पडते. जुन्या थंडरबर्ड, क्लासिकच्या यूसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, तिथे ॲडजस्टमेंट हा प्रकारच नाही, त्यामुळे त्या गाडीत गरम झाल्यावरही टकटक चालूच असेल तर "टॅपेट सेट करून घ्या, जाईल" हे मालकाचं वाक्य मान्य करू नका.

टायमिंग चेनचा आवाज खळखळ, डब्यात साखळी हलवल्यासारखा, स्टार्ट करताना आणि रेस सोडताना जास्त. थंडपणी एक-दोन सेकंद आला तर मी तिकडे लक्ष देत नाही. पाच सेकंद राहतो किंवा गरम झाल्यावरही रेस सोडताना येतो, तर टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) आणि चेन दोन्हीचा खर्च धरा.

सायलेन्सरचा बेंड पाईप हेडला जिथे लागतो तिथे गॅस्केट गेलं असेल तर टिक टिक असा आवाज येतो आणि तो हुबेहूब टॅपेटसारखा वाटतो, यात भलेभले फसतात. सांध्याभोवती काळी काजळी दिसते, थंडपणी हात जवळ नेला तर फुंकर लागते, आणि रेस सोडल्यावर सायलेन्सर पटपट फुटतो. गॅस्केट स्वस्त आहे. अशी गाडी "इंजिन वाजतंय" म्हणून लोक सोडून देतात आणि तुम्हाला ओळखता आलं तर तुमचा फायदा.

क्लचचं असं करायचं: न्यूट्रलला चालू गाडी, क्लच सोडलेला, ऐका. मग हळूच दाबा. घरघर होती आणि दाबल्यावर गेली तर ती क्लच बास्केटची किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगची. शांत होती आणि दाबल्यावर चर्रर्र सुरू झाली तर क्लच दाबणारं बेअरिंग. थोडी घरघर बहुतेक गाड्यांत असते, आवाजात खरखरीत धार असेल तर मेकॅनिकला दाखवा.

आणि ज्या आवाजाला गाडी तिथेच ठेवून घरी यायचं तो म्हणजे खालून येणारा जड, बोथट ठक ठक, लोखंडावर लाकडी हातोडा मारल्यासारखा. कनेक्टिंग रॉडचं मोठं बेअरिंग. टॅपेट कानाला लागते, हा पायाला फुटरेस्टमधून पण जाणवतो. गरम झाल्यावर वाढतो, लोड दिल्यावर वाढतो. इथे क्रँक बाहेर काढावी लागते, म्हणजे फुल इंजिन, आणि कितीही स्वस्तात मिळाली तरी पहिली गाडी म्हणून ही घेऊ नका.

आमच्या गॅरेजवाल्या मामांची पद्धत सांगतो. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर, मूठ कानाच्या पुढच्या हाडाला टेकवायची, टोक इंजिनवर. आधी हेड कव्हरवर, मग सिलेंडरच्या मध्यावर, मग खाली क्रँककेसवर, मग क्लच कव्हरवर. मामा प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून पाच-सहा सेकंद थांबतात, तोंडातली सुपारी चघळायची पण थांबवतात. मी पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा अंगावर काटा आला, बाहेरून जो एकच गोंधळ वाटत होता त्यातून टॅपेटची टकटक अगदी डोक्यात वाजल्यासारखी सुटी झाली आणि टोक चार इंच खाली नेलं की ती लांब गेली. जिथे आवाज सगळ्यात मोठा तिथे दोष. फक्त टोक चेन स्प्रॉकेटजवळ नेऊ नका, आणि ओढणी, मफलर, सैल बाही सांभाळा.

चालवून बघताना

हेल्मेट घालून, मालकाची परवानगी आणि इन्शुरन्स बघून, किमान अर्धा तास. पुण्यात असाल तर जुना कात्रज घाट चांगला, चढ पण मिळतो, उतार पण. सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरला पन्नास-साठवर गाडी धरून रेस किंचित सोडायची, किंचित द्यायची, असं चार-पाच वेळा. त्या बदलाच्या क्षणी खालून ठक आला तर वर सांगितलेलं बेअरिंग.

चढावर मोठ्या गिअरला कमी वेगात रेस दिली की स्टीलच्या डब्यात हरभरे हलवल्यासारखा चणचण आवाज येऊ शकतो. यात बऱ्याच वेळा चूक चालवणाऱ्याचीच असते, गिअर खाली टाका, जातो. योग्य गिअरला, निवांत चढताना पण येत असेल तर आत कार्बन साचलाय किंवा पेट्रोल खराब आहे.

उतारावर मोकळा रस्ता बघून क्लच दाबा, इंजिन स्लोवर येऊ द्या. आता जी घुंघुं, खरखर शिल्लक राहिली ती चाकाची किंवा मागच्या चाकाला जाणाऱ्या बाहेरच्या चेनची, इंजिनची नाही. कोरडी चेन खरखरते, चाकाचं बेअरिंग वेगाबरोबर घुमतं आणि गाडी थोडी डावी-उजवी झुकवल्यावर सूर बदलतं. किती जणांनी इंजिन गेलं म्हणून जी गाडी सोडली तिला फक्त चेन किट हवं होतं!

परत आल्यावर पाच मिनिटं स्लोवर चालू ठेवा आणि मागे उभे राहा. हिवाळ्यात सकाळी पांढरी वाफ येते ती निघून जाते. निळा धूर स्टार्ट करतानाच थोडा आला तर वॉल्व्ह सील, रेस देताना सतत आला तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर. बंद केल्यावर टिक... टिक... असा सावकाश आवाज येतो, तो गरम लोखंड आकसतंय त्याचा, नवीन लोक यालाच घाबरून मला क्लिप पाठवतात, निश्चिंत राहा.

कागद, थोडक्यात

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून हायपोथिकेशन (गाडीवरच्या कर्जाची नोंद) आणि थकलेली चलनं बघा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म 28 ची एनओसी. चासी नंबर कागदावरचा आणि गाडीवरचा स्वतः वाचून जुळवा. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का बघा. ट्रान्सफर झाल्यावर इन्शुरन्स पण स्वतःच्या नावावर करायचा असतो, नवीन मालकाने 14 दिवसांत कंपनीला कळवायचं असतं, हे लोक हमखास विसरतात.

घरी आणल्यावर

पहिल्याच आठवड्यात ऑइल आणि फिल्टर बदला, मालकाने "परवाच केलंय" म्हटलं तरी. आवाज दाबायला घट्ट ऑइल किंवा कसलं तरी औषध टाकून विकलेल्या गाड्या असतात. 411 ला 15 डब्ल्यू 50 सेमी सिंथेटिक लागतं, तेच टाका. जुनं ऑइल स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून पसरट भांड्यात गाळा आणि उन्हात बघा. बारीक करडी पूड थोडी असतेच. चमचमणारे कण किंवा नखाला लागतील असे तुकडे असतील तर गाडी लडाखला न्यायचा बेत पुढे ढकला आणि आधी मेकॅनिककडे न्या. टॅपेट पण त्याच वेळी थंड इंजिनवर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) सेट करून घ्या, अंदाजाने नाही.

नवीन ऑइल टाकून दोनशे किलोमीटर झाले की एका सकाळी थंड गाडीचं रेकॉर्डिंग करा, स्टार्टरच्या आधीपासून पूर्ण एक मिनिट, मोबाईल टाकीच्या उजव्या बाजूला हातभर अंतरावर. मग दर दोन हजार किलोमीटरला त्याच जागी, तसंच. फाईलला नाव म्हणून तारीख आणि किलोमीटर टाका. माझ्याकडे अशा चौदा फाईली झाल्यात. मागच्या पावसाळ्यात आंबोलीहून आल्यावर मला वरून काहीतरी वेगळं वाजतंय असं वाटत होतं, कुणालाच पटत नव्हतं. मामांना जुनी फाईल ऐकवली, मग गाडी ऐकवली, त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि म्हणाले, सायलेन्सरचं गॅस्केट. अर्ध्या तासाचं काम होतं.